उत्तरपक्ष

“तळं अजून खणलेलंच नव्हतं, मग राजाला ते दिसलं कसं?”

अण्णांनी हे विचारलं आणि त्या लांबलचक टेबलाच्या दोन्ही अंगांना हशा पिकला. काळे झगे घातलेली विद्वान मंडळी टेबलावर बोटांची पेरं आपटायला लागली. त्या कॉलेजात टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती; पेरं आपटत. मी टेबलाच्या टोकाला, पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते. हसावं की नाही ते मला कळेना, कारण अण्णा ज्या पुस्तकाच्या चिंध्या करत होते ते त्यांचं स्वतःचंच होतं.

इंग्लंडमधल्या त्या जुन्या कॉलेजात विद्यार्थी नव्हतेच. कुणा धर्मगुरूनं फार पूर्वी जमीन लावून दिली होती ती फक्त विद्वानांसाठी. निवडून आलेल्या माणसानं तिथं राहायचं, जेवायचं, वाचायचं, लिहायचं. शिकवायची सक्ती नाही, तपासायला पेपर नाहीत. अशा माणसाला तिथं फेलो म्हणत. अण्णा, म्हणजे प्राध्यापक भूपाल शेडबाळे, वर्षभराचे पाहुणे फेलो म्हणून तिथं गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आई आदल्या वर्षी गेली होती. अण्णांना साधा चहा करता येत नसे, आणि आमच्या जैन घरातलं पथ्यपाणी तिथल्या स्वयंपाकघराला झेपणारं नव्हतं. मांस-अंडं नाहीच, पण कांदा, बटाटा, गाजर हेही नाही, आणि दिवस मावळला की काहीच नाही. “मग उरलं काय?” असं तिथल्या आचाऱ्यानं मला अगदी कळवळून विचारलं होतं. म्हणून मी सांगलीची नोकरी सोडून सोबत गेले. आम्हाला दोन खोल्या आणि एक गॅसची शेगडी मिळाली होती. तांदूळ, मूगडाळ आणि कुकर मी घरून नेला होता.

तिथली एक चाल होती. नव्या फेलोनं पहिल्या सत्रात एका संध्याकाळी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, उभं राहून आपल्याच सगळ्यांत गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध बोलायचं. बाकीचे तो खेळ म्हणूनच खेळत. एखादी चुकलेली तारीख काढायची, स्वतःवर दोन विनोद करायचे आणि बसायचं. अण्णांना असला खेळ येत नव्हता. ते जन्मभर पूर्वपक्ष शिकवत आले होते. विरोधकाचं म्हणणं त्याला स्वतःलाही मांडता येणार नाही इतक्या ताकदीनं आधी आपण मांडायचं, आणि मगच आपलं उत्तर द्यायचं, म्हणजे उत्तरपक्ष. हे ते पोरांना सांगत तसंच पाळतही. त्या संध्याकाळीही त्यांनी तेच केलं.

पुस्तक होतं कोगनूरच्या ताम्रपटावर. कोगनूर आमचं मूळ गाव. तिथल्या बस्तीला, म्हणजे जैन मंदिराला, हजार वर्षांपूर्वी एका राजानं जमीन दिली, असं त्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं होतं. अण्णांनी तो लेख वाचला, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि कोगनूरची बस्ती त्या मुलखातली सर्वांत जुनी ठरली. गावानं त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढली. अडचण एकच होती. दिलेल्या जमिनीच्या पूर्वेला मोठं तळं आहे, असं ताम्रपट सांगतो. आणि ते तळं कुणी खणलं हे काठावरच्या शिळेवर लिहिलेलं आहे. तो माणूस राजानंतर दोन-अडीचशे वर्षांनी झाला. अण्णांनी पुस्तकात लिहिलं होतं की त्याच जागी आधी एखादं जुनं तळं असणार.

“मी त्या तळ्यात पोहायला शिकलो,” अण्णा त्या सभेला सांगत होते. “त्याचा तळ म्हणजे अखंड कातळ आहे. पायाला छिन्नीचे घाव लागतात. कातळातलं तळं एकदाच खणतात. त्याच्या जागी आधी दुसरं तळं नव्हतं. लेखकाला ते हवं होतं, म्हणून त्यानं ते पुस्तकात खणलं.”

पेरं आपटण्याचा आवाज छतापर्यंत गेला. कॉलेजचे प्रमुख, वॉर्डन हॅलम, उठून उभे राहिले, त्यांनी लॅटिनमध्ये दोन ओळी म्हटल्या, आणि खुर्च्या मागं सरकल्या. सगळे अण्णांभोवती गोळा झाले. अण्णा जागचे हलले नव्हते. त्यांनी झग्याच्या आतून कागदांची दुसरी घडी काढली होती.

“शाबास,” वॉर्डन म्हणाले. “इतका निर्दय माणूस आम्ही बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.”

“पण माझं उत्तर राहिलंय,” अण्णा म्हणाले.

“उत्तर नसतं, प्रोफेसर. मौज तीच आहे.”

अण्णांनी हातातल्या कागदांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. जिना चढताना ते एकदाच बोलले. “त्रिशला, आपल्याकडं असं अर्ध्यावर कुणी सोडत नाही गं.”

अण्णा गेल्यापासून भेटायला येणारी माणसं त्यांच्या विद्वत्तेविषयी बोलतात, आणि मीही मान डोलावते. मला मात्र तो नोव्हेंबर आठवतो.

तिथं नोव्हेंबरात चारच्या सुमाराला दिवस मावळतो. म्हणून मी तीनला ताट वाढत असे. त्या सभेनंतरच्या आठवड्यात अण्णांनी ताटातला भात बाजूला सारला.

“का हो?”

“नको वाटतोय. वरण दे नुसतं.”

मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मी वरणाची वाटी भरून दिली. पुढचे काही दिवस ते वरणावर राहिले. मग एका दुपारी त्यांनी वाटीही परत केली.

“दूध दे पेलाभर. पुरे होईल.”

मी दूध तापवायला वळले आणि पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. हा क्रम मी ओळखत होते.

मी नऊ वर्षांची असताना कोगनूरला आजोबांनी सल्लेखना घेतली होती. पिकलं पान व्हावं तसं वय झाल्यावर, मुनींची आज्ञा घेऊन, अन्न हळूहळू सोडत देह ठेवायचा. आधी धान्य सुटलं. मग दूध राहिलं, मग ताक, मग गरम पाणी. लोक गाड्या जुंपून दर्शनाला येत होते, बायका भजनं म्हणत होत्या, आणि कुणीही रडायचं नाही असं आम्हा पोरांना बजावलं होतं. मी रडले नाही. पण रोज सकाळी आज काय सुटलं ते बघायला मी दाराआड जाऊन उभी राहत असे.

आता मी दूध तापवलं आणि पेला अण्णांपुढं ठेवला. विचारायला तोंड उघडेना. आपण शब्द उच्चारला आणि ते “हो” म्हणाले तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

त्यांच्या टेबलावर कोरे कागद असत. ते त्यांच्यापुढं बसत आणि दिवेलागणीला कागद तसेच कोरे ठेवून उठत. लायब्ररीतून आणलेली पुस्तकं ते एकेक करून परत देऊन आले. पहाटे त्यांचं प्रतिक्रमण, म्हणजे घडलेल्या चुकांची मनाशी उजळणी, पूर्वीपेक्षा कितीतरी लांबू लागलं. मी पलीकडच्या खोलीत अंथरुणात पडून त्यांचं पुटपुटणं ऐकत असे, आणि ते थांबलं की श्वास धरून वाट बघत असे. गळ्याशी त्यांचा सदरा सैल पडला होता.

“अण्णा, डॉक्टरांकडं जाऊ या का?”

“मला काय झालंय?”

“वाळत चाललाय तुम्ही.”

“तुझ्या आईच्या हातचं खाऊन सुटलो होतो, ते उतरतंय,” ते म्हणाले आणि हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुला एकटीनं परत जाता येईल ना गं? विमान बदलायचं वगैरे?”

“एकटीनं का?”

“विचारतोय आपला.”

ते दूध अर्धंच प्याले होते. मी चप्पल बदलली नाही, कोट घेतला नाही, खाली उतरले आणि हिरवळीवरून तिरकी धावत गेले. त्या हिरवळीवर फेलोंशिवाय कुणी पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता. लायब्ररीच्या पायऱ्यांवर वॉर्डन हॅलम उभे होते. त्यांनी नुसतं माझ्या पायांकडं पाहिलं.

“माझ्या वडलांना उत्तर देऊ द्या,” मी म्हणाले.

“कशाचं उत्तर, मिस शेडबाळे?”

“त्या संध्याकाळचं. आमच्याकडं पूर्वपक्षावर कुणी थांबत नाही. त्यांच्याजवळ उत्तर तयार होतं, आणि तुम्ही सगळे उठून गेलात.”

“आजवर कुणालाही ते देऊ दिलेलं नाही. चाल पाडणाऱ्याचा हेतूच तो होता. माणसानं आयुष्यात एकदा तरी शेवटचा शब्द न बोलता झोपायला जावं.”

“ते झोपत नाहीत. जेवतही नाहीत.”

“आजारी आहेत?”

“नाहीत.”

इंग्रजीत त्यासाठी जो शब्द चटकन तोंडाशी येतो तो चुकीचा आहे हे मला माहीत होतं. म्हणून मी आजोबांची हकिकत सांगितली. धान्य, दूध, ताक, पाणी. वॉर्डन उंच, ताठ गृहस्थ होते. ऐकता ऐकता ते पायरीवर बसले.

“आणि आता प्रोफेसर कुठवर आलेत?”

“दुधावर.”

“आमच्यामुळं?”

मी हिरवळीवर उमटलेल्या माझ्या पावलांकडं पाहिलं.

“गुरुवारी,” ते म्हणाले. “दुपारी. जेवणाच्या हॉलमध्ये नको, बैठकीच्या खोलीत घेऊ. चाल मोडली म्हणून मला जे काही ऐकून घ्यावं लागेल ते मी घेईन. तोवर त्यांना दूध तरी पाजत राहा.”

गुरुवारी दुपारी सगळे जमले. काही जणांच्या चेहऱ्यावर नाराजी उघड दिसत होती, एक म्हातारे फेलो शेजाऱ्याला म्हणाले, “आता पुढच्या वर्षी वकील घेऊन येतील.” वॉर्डननी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि ते गप्प झाले. अण्णा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांनी झगा घातला होता, पण आत माणूस कमी होता. मी दाराशी उभी होते. ती घडी घातलेली उत्तराची पानं त्यांच्या हातात नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

“आपण माझ्यासाठी आपली चाल मोडलीत,” ते म्हणाले. “मी आभारी आहे. त्या रात्री मी उत्तरासाठी थांबलो होतो. चौदा पानं होती. खोलीत गेल्यावर मी ती स्वतःलाच वाचून दाखवायला घेतली. वाचणारा आणि ऐकणारा दोघंही मीच. ऐकणाऱ्याला ती पटली नाहीत. तेव्हापासून मी दुसरं उत्तर शोधतोय.” ते जरा थांबले. “उत्तर नाही.”

आणि ते बसले.

एकही पेर वाजलं नाही. असल्या प्रसंगी काय करायचं याची चालच तिथं नव्हती. शेवटी तेच म्हातारे फेलो उठले, अण्णांच्या खुर्चीपर्यंत चालत आले आणि नुसता त्यांचा हात हातात घेऊन उभे राहिले.

खोलीत परतल्यावर अण्णा टेबलाशी बसले. “हे तू केलंस?”

“हो.”

“का?”

“अण्णा, तुम्ही सल्लेखना घेतलीय?”

ते माझ्याकडं बघतच राहिले. “मी?”

“भात सोडला, वरण सोडलं, दुधावर आलात. मला एकटीला परत जाता येईल का विचारता. मी आजोबांना बघितलंय. मला सगळं कळतंय.”

“अगं, ती घ्यायला मन भरून पावलेलं लागतं. तुझे आजोबा हसत होते. मी असा हरून, परक्या मुलखात, कुणाची आज्ञा न घेता घेईन होय?”

मी भिंतीला टेकले. “मग हे काय चाललंय?”

“नेम घेतलाय. जे खोटं छापलं ते खोटं आहे असं सहीनिशी लिहून होईपर्यंत भात घ्यायचा नाही. आपल्या ताटातला प्रत्येक घास त्या पुस्तकाचा आहे. माझी नोकरी, आपलं घर, तुझं शिक्षण. मला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. एक पान तर लिहायचं. पण बसलो की हात चालत नाही. म्हणून वरण सोडलं, म्हटलं आता तरी चालेल. नाही चालला.”

“आणि आज?”

“उद्यापासून दूध सोडायचं ठरवलंय.”

“आणि तरी नाही लिहिता आलं तर?”

अण्णांनी टेबलावरचे कोरे कागद सारखे करून ठेवले. माझी भीती क्षणभरच गेली होती, ती तशीच परत आली. नाव वेगळं होतं, पायऱ्या त्याच होत्या, आणि त्या उतरणारा माणूस शब्द मोडणाऱ्यांतला नव्हता.

खिडकीतून ऊन अजून येत होतं. लायब्ररीच्या कौलांवर ते पिवळं पडलं होतं. मी तांदूळ आणि मूगडाळ धुतली आणि कुकर शेगडीवर चढवला.

“लावू नकोस. फुकट जाईल.”

“जाऊ दे.” मी टेबलावरचा अण्णांचा टाइपरायटर माझ्यापुढं ओढला आणि कागद चढवला. “तुम्ही बोला. मी लिहिते.”

“मला बोलता आलं असतं तर—”

“त्या रात्री सगळ्यांसमोर घडाघडा बोललात.”

“तो पूर्वपक्ष होता. दुसऱ्याचं तोंड लावून बोललो. माझ्या तोंडानं निघत नाही.”

“मग दुसरी मी होते. मी विचारते. ताम्रपट कुणी दिला तुम्हाला?”

 मी थांबले. कुकरखालची ज्योत भणभणत होती.

“तुझ्या आजोबांनी,” ते हळू म्हणाले. “बस्तीच्या तळघरातून काढून. म्हणाले, वाच, आपल्या बापजाद्यांचं आहे.”

तेव्हा मला कळलं की हात का चालत नव्हता; आजोबांचा शब्द खोडायचा होता. मी तेवढंच टाइप केलं: ताम्रपट बस्तीच्या तळघरात होता.

“तळं कधी खणलं?”

त्यांनी शिळेवरचं साल सांगितलं. मी लिहिलं.

“आधी दुसरं तळं होतं?”

“नव्हतं.”

“तुम्ही तसं का लिहिलंत?”

“पुरावा नसताना लिहिलं. असं टाक.”

शिट्टी झाली. दोघंही दचकलो. ऊन कौलांच्या वरच्या ओळीवर सरकलं होतं.

“मग ताम्रपट कुणी केला?”

“कुणीतरी मागाहून. जमीन जायची वेळ आली असेल. एखाद्या सरदारानं कागद मागितला असेल, आणि बस्ती वाचवायला कुणीतरी रात्रीचा दिवस करून हे पत्रे कोरले असतील.” त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. “वाईट माणसं नसणार ती.”

“हे लिहू?”

माझी बोटं कळांवर होती. ते लिहिलं असतं तर गावाला गिळायला सोपं गेलं असतं. अण्णांनाही. त्यांनी डोळे मिटले.

“नको,” ते म्हणाले. “मला ते हवंय. ठाऊक नाही.”

ऊन आता फक्त धुराड्यांवर होतं. मी विचारलं, “मग ताम्रपट?”

त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळले होते. मी त्यांच्याकडं बघत नव्हते, धुराड्याकडं बघत होते. मनातल्या मनात मी कुणाला तरी विनवत होते, कुणाला ते मला अजून सांगता येत नाही.

“बनावट,” अण्णा म्हणाले.

मी टाइप केलं. कागद ओढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून पान सावकाश वाचलं, एका ठिकाणी शाईनं स्वल्पविराम घातला, आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. त्यांच्या सहीत कधी नव्हतं ते गावाचं नावही त्यांनी पुढं जोडलं.

“हे छापून यायच्या आधी मी एकटाच गावी जाऊन सांगणार आहे,” ते म्हणाले. “तू थेट सांगलीला जायचं. लोक मला जे बोलतील ते तू ऐकायचं नाही. त्यासाठी विचारत होतो, एकटीनं जाता येईल का.”

“मी येणार आहे,” मी म्हणाले आणि उठले. कुकरची वाफ जिरली नव्हती. मी चिमट्यानं शिट्टी उचलली, वाफ फसफसत छतापर्यंत गेली. झाकण काढलं, ताटात दोन डाव खिचडी वाढली, वर तूप घातलं. ती इतकी गरम होती की अण्णांनी पहिला घास बोटांवर नाचवला, फुंकला, आणि तोंडात घातला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंड पोळलं असेल.

त्यांनी चार-पाच घास खाल्ले. मग खिडकीकडं पाहिलं. धुराड्यावरचं ऊन गेलं होतं. त्यांनी ताट हलकेच पुढं सारलं, हात धुतला आणि म्हणाले, “झालं आजचं. उद्या लवकर वाढ.”

ते आत जाऊन आडवे झाले. थोड्या वेळानं त्यांचं घोरणं ऐकू आलं. मी ताट उचलायला गेले आणि, दिवस मावळला होता तरी, उभ्या उभ्याच त्यातली उरलेली खिचडी खायला लागले. ताट रिकामं झाल्यावर कुकरमधली काढून घेतली. खाता खाता लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मीही जेवले नव्हते.